मधलं रान

सेवादास राठोड शहरं बनवायचा.

वणीच्या बसस्थानकामागे टायरचं एक दुकान आहे. त्याच्या वर एक खोली. दोन मोठे पडदे, एक कॉम्प्युटर, एक खाट. पुण्याच्या एका गेम कंपनीचं काम तो तिथून करायचा. तलवारी, जादूगार, पंख असलेले अजस्र साप, आणि या सगळ्यांना राहायला शहरं. गल्ली कुठं वळेल, बुरूज कुठून दिसेल, बाजार कुठं संपेल, हे तो ठरवायचा.

आज तो एका गावात एकटा राहतो. चौसष्ट घरांचं गाव आहे. तेही त्यानंच बनवलं. त्यात माझाही हात आहे, म्हणून लिहितो.

आमची ओळख अकरावीतली. तो राजूरच्या पलीकडच्या खेमसिंग तांड्याचा. दहावीपर्यंत आश्रमशाळेत होता. मी वणीचा, घरी कापूस आणि तूर. मी पुढं मराठीत एम.ए. केलं, कॉलेजात शिकवू लागलो. तो बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला दोनदा बसला, तिसऱ्यांदा बसलाच नाही. त्या काळात मोबाईलवर पाहून पाहून तो हे काम शिकला. काम मिळालं तेव्हा त्यानं मला पहिल्यांदा एक राजधानी दाखवली.

"गोष्टीत इथं दहा लाख लोक राह्यतात," तो म्हणाला. "घरं मोज."

मी मोजली. एकशे बारा होती.

"उघडतात किती?"

"नऊ. बाकीची दारं नुसती रंगवली हायेत."

मग त्यानं मला युक्त्या सांगितल्या. शहर मोठं करायचं नसतं, मोठं वाटायला लावायचं असतं. गल्ली सरळ ठेवायची नाही, तिचं दुसरं टोक दिसता कामा नये. शहर उतारावर बसवायचं, म्हणजे छपरांवर छपरं दिसतात. चाळीस माणसं करायची आणि त्यांनाच कपडे बदलून फिरवायचं. आणि दोन शहरांच्या मधलं रान कापायचं. त्याची वरिष्ठ सलोनी नावाची बाई होती. तिचा नियम होता, दोन मिनिटं चालून काही दिसलं नाही तर माणूस गेम बंद करतो. गोष्टीत घोड्यावरून आठ दिवस लागणारं अंतर सेवादासनं चार मिनिटांवर आणलं होतं.

"हे तं खोटं झालं बे," मी म्हणालो.

"खोटं नाई. तिथं काही घडत नाई. जिथं काही घडत नाई, ते ठेवून काय करतं?"

मला ते पटलं. गोष्ट लिहिणाराही तेच करतो, असं मी म्हणालो. तो खूश झाला.

त्याची आई हंसाबाई डोळ्यांत औषध घालायला वणीला यायची. एकदा ती त्या खोलीवर आली. मी होतोच. सेवादासनं तिला खुर्चीत बसवलं आणि राजधानी दाखवली. ती पडद्याला नाक लावून बघत राहिली.

"ई शेर छ?" तिनं त्याला त्यांच्या बोलीत विचारलं. हे शहर आहे?

"हो याडी. राजाचं शहर."

ती माझ्याकडं वळली. "नयन, तूच सांग बापू. बैल कुठी बांधते हे लोक?"

मी सेवादासकडं पाहिलं.

"बैल नाईत, याडी."

"मंग दाणा कशावर येते?"

"येते कुठून तरी."

"शेत कुठी हाये?"

"शेत नाई दाखवत."

"हागाले कुठी जाते?"

आम्ही दोघं हसत सुटलो. ती हसली नाही. "इतला मोठा राजा," ती म्हणाली, "आन गावाबाहेर पाय ठेवाले जागा नाई. याच्याहून माहा तांडा बरा."

नंतर सेवादासनं शहराबाहेर एक शेत आणि गुरांचा गोठा घातला. सलोनीनं तो काढायला लावला. शेताकडं कोणी जात नाही, ती म्हणाली.

तांडा कोळशाच्या खाणीत जाणार, हे आम्ही अकरावीत असल्यापासून ऐकत होतो. खाण जवळ येत गेली. दुपारी दोनला सुरुंग उडायचा आणि भांडी वाजायची. मातीचे ढिगारे तांड्याच्या मंदिराहून उंच झाले. मग कागद आला. प्रत्येक कुटुंबानं ठरवायचं. पैसे घेऊन हवं तिथं जायचं, नाहीतर सगळ्यांनी मिळून एका जागी घरं घ्यायची.

बरेच जण पैशाकडं झुकले. कोणी वणीला खोली पाहून आला, कोणी पांढरकवड्याला. सेवादासचा थोरला भाऊ संजयही त्यातच होता. त्याची बायको जया मात्र गप्प होती. एका दुपारी मी त्यांच्या घरी जेवत होतो. हंसाबाई भाकरी थापता थापता बोलली.

"लदेणीच्या टायमाले आमचे लोक बैलावर मीठ नेत. निजामाच्या मुलखापर्यंत जात. गाव नव्हतं, जमीन नव्हती. तांडा होता. तीजेचे गहू पेरते पोरी, ते नायकाच्या दारात पेरते. होळीले लेंगी गाते, ते सगळे मिळून गाते. वणीत खोली घेशीन तं कोणासोबत गाशीन? त्या टायरवाल्यासोबत?"

"याडी, आता कोणी लेंगी नाई गात," संजय म्हणाला.

"तू नाई गात. तुले गळा नाई."

जया तोंडावर पदर धरून हसली. हंसाबाई हसली नाही. ती सेवादासकडं बघून म्हणाली, "तू शेरं बनवतं ना दुसऱ्याचे. तांडा फुटू नको देऊ."

ती एवढंच बोलली. तेव्हापासून सेवादासच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

तांड्याचा नायक डोंगरसिंग. सत्तरीचा, सडसडीत, कमी बोलणारा. सरकारी माणसांनी वणीच्या पश्चिमेला एक टेकाड दाखवलं होतं. जागा मोठी, चौसष्ट घरं सहज बसतील अशी. फाट्यापासून आत होती, पण डांबरी रस्ता मंजूर आहे असं कागदावर होतं. त्यांनी आराखडाही दिला होता. आठ रांगा, प्रत्येक रांगेत आठ घरं, बराकीसारखी. तो पाहून आणखी पाच घरं पैशाकडं वळली. तेव्हा डोंगरसिंगनं सेवादासला बोलावलं.

"तुले जमते का?"

"जमते."

"कर मंग."

त्यानं सुट्टी घेतली आणि दोन महिने तांड्यात राहिला. टेप घेऊन घर न घर मोजलं. मी शनिवार-रविवारी टेपचं दुसरं टोक धरायला जायचो. कोणाच्या ओट्यावर सकाळचं ऊन येतं, कोणत्या दोन भावांची दारं समोरासमोर नकोत, कोणत्या म्हातारीला नायकाच्या घराची हाक ऐकू यायला हवी, हे तो विचारत फिरला. नव्या गावाच्या मध्ये त्यानं मोकळं पटांगण ठेवलं, होळीसाठी. एका बाजूला मंदिर आणि पांढरा झेंडा. नायकाचं घर पूर्वेला. गुरं बांधायला जागा, शेणखताला जागा, संडास वाऱ्याच्या खालच्या अंगाला. आईचा एकही प्रश्न त्यानं सोडला नाही.

हे सगळं त्यानं गेमसारखं उभं केलं. कळ दाबली की पडद्यावरचा माणूस त्या गावातून चालू लागायचा.

कॉलेजातून प्रोजेक्टर मी आणला. मंदिराच्या भिंतीवर धोतर ताणलं. दिवस मावळता मावळता सगळा तांडा जमला. सेवादास बोलायला लाजत होता, म्हणून कळ त्यानं माझ्या हातात दिली आणि मी बोलत गेलो. मी बरा बोलतो. वर्गात बोलायची सवय आहे.

माणूस पटांगणातून निघाला. एकेका घरासमोर थांबला. लोक आपापलं घर ओळखू लागले.

"माह्या घराले निळा रंग कायले देला बे?" कोणी तरी ओरडलं.

"तुह्या बायकोनं सांगतलं."

"हे पाय, माही चूल," जया म्हणाली. "खिडकीजवळ हाये."

"संजयभाऊ, तुह्या घराचा दरवाजा याडीच्या घराकडं हाये. आता पळता नाई येत."

डोंगरसिंगचं घर आलं तेव्हा सगळे उगाच शांत झाले. मग हसले. तांड्यात उकंडा नावाचा म्हातारा होता. त्याचं बोलणं बिडी आणि खोकल्याच्या मधून यायचं. तो पुढं सरकला.

"ते सारं ठीक हाये. फाटा किती दूर हाये, ते दाखव."

मी सेवादासकडं पाहिलं. त्यानं मान हलवली. मी कळ दाबून धरली. पडद्यावरचा माणूस गावाबाहेर पडला, टेकाड उतरला, पळत पळत रान ओलांडून फाट्यावर पोचला. सेवादासनं मोबाईलवर वेळ लावली होती. दोन मिनिटं दहा सेकंद.

"हे तं बिडी विझाच्या आत पोचलो," उकंडा म्हणाला.

लोक हसले. पैशाकडं झुकलेले एकेक करत परत आले. दुसऱ्या आठवड्यात जागा दाखवायला दोन गाड्या आल्या. सगळे गाडीतून गेले, टेकाडावर उतरले, वारा खाल्ला, गाडीतूनच परतले. मे महिना होता. जमीन टणक होती. हंसाबाई गेलीच नाही.

"तुम्ही नाही पाहणार?" मी विचारलं.

"यानं केलं ना," ती म्हणाली. "मंग पायलं म्या."

दोन हजार चोवीसच्या फेब्रुवारीत तांडा हलला. फुटला नाही. चौसष्टच्या चौसष्ट घरं गेली. पहिल्या होळीला मी होतो. पटांगण भरलं होतं. संजयही गायला, बेसूर. हंसाबाईनं सेवादासच्या तोंडावरून हात फिरवला आणि बोटं मोडली. त्या दिवशी मला वाटलं, माझ्या ओळखीच्या माणसांत हा एकटाच असा आहे की ज्यानं काही केलं.

फाटा दूर होता. हे सगळ्यांना आल्या दिवशीच कळलं. पण मोटारसायकली होत्या, जमीन कोरडी होती. उकंडा एकदा सेवादासला म्हणाला, "पडद्यावर जवळ होतं गा." सेवादास म्हणाला, "रस्ता झाला की जवळच हाये, आजा." रस्ता मंजूर होता. मंजूर राहिला.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि मधलं रान चिखल झालं. टेकाड मुरमाड, पण खालची सगळी काळी माती. मोटारसायकलचं चाक दहा फुटांत जाम व्हायचं. पायातली चप्पल हातात घ्यावी लागायची.

ऑगस्टमधली सकाळ होती. साडेआठला सेवादासचा फोन आला.

"फाट्यावर गाडी आण. याडीले पान लागलं."

आमच्याकडं साप चावला असं म्हणत नाहीत. हंसाबाई गुरांसाठी कुटार काढत होती, त्यात नाग होता.

रुग्णवाहिका मला लवकर मिळाली. धम्मरत्न नावाचा ड्रायव्हर होता. आम्ही नऊच्या आत फाट्यावर होतो. त्यानं गाडी रस्त्यावरून आत घातली. पुढची चाकं बसली. दोन ट्रकवाल्यांनी ओढून बाहेर काढली.

"इथूनच घ्या लागते," तो म्हणाला. "किती दूर हाय गाव?"

मी म्हणालो, "जवळच आहे."

पाऊस थांबला होता. टेकाड स्पष्ट दिसत होतं. सव्वानऊला टेकाडाच्या पायथ्याशी काळे ठिपके दिसले. "आले," मी म्हणालो. आम्ही बघत राहिलो. ठिपके मोठे होत नव्हते. मी बोटानं त्यांचं माप घेतलं. थोड्या वेळानं पुन्हा घेतलं. धम्मरत्ननं घड्याळ पाहिलं, मग स्ट्रेचर काढलं, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चालू लागला. मी त्याच्या मागं गेलो.

आम्ही चाळीस मिनिटं चाललो. ते आमच्याकडं येत होते, आम्ही त्यांच्याकडं जात होतो, तरीही चाळीस मिनिटं लागली. त्यांनी खाट खांद्यावर घेतली होती. चौघं धरायचे, पन्नास पावलांवर चौघं बदलायचे. संजयच्या पायातून रक्त येत होतं. सेवादास खाटेच्या बाजूनं चालत आईला हाका मारत होता. आम्ही पोचलो तेव्हाही तो हाका मारत होता. धम्मरत्ननं तिच्या मानेला हात लावला, पापणी उचलली. मग त्यानं स्ट्रेचर चिखलात टेकवलं.

"कवा गेली?" संजयनं विचारलं.

"आत्ताच," धम्मरत्न म्हणाला. मला वाटतं, त्याला माहीत नव्हतं.

आजूबाजूला काहीच नव्हतं. एक झाड नाही, बांध नाही. मागं टेकाड, पुढं रस्ता.

तेरवीनंतर चार दिवसांनी सेवादास माझ्या घरी आला. लॅपटॉप उघडला. नव्या गावाची फाईल होती.

"मोज," तो म्हणाला.

"काय?"

"गाव ते फाटा."

मापायचं साधन त्यानंच लावून दिलं. साडेसहाशे मीटर आलं.

"नकाशावर सव्वातीन किलोमीटर हाये," तो म्हणाला. "गाव म्या इंचाइंचानं बरोबर घेतलं. रान कापलं."

मी पुन्हा मापलं. तेवढंच आलं.

"आन माणूस चालत नाई त्याच्यातला. पळते. म्या त्याले चालाले शिकवलंच नाई."

"मुद्दाम केलंस?"

"तेच पायत हाओ आठ दिवसापासून. कवा कापलं ते आठवत नाई. हात सवयीनं गेला. तिथं काही नव्हतं ना. रिकामंच होतं. पण उकंडा आज्यानं इचारलं तवा मले समजलं होतं का, हे मले सांगता येत नाई. तू तं दाबून धरली होती कळ. तुले काही वाटलं?"

रान कापतात हे मला त्यानंच सांगितलं होतं. मला ते पटलंही होतं. त्या संध्याकाळी ते मला आठवलं नाही. मी बोलण्यात होतो.

"तांड्याला माहीत आहे?" मी विचारलं.

"नाई. ते सापाले शिव्या देतात. रस्त्याले देतात."

"मग?"

"सांगतलं तं तांडा फुटते. नाई सांगतलं तं..." त्यानं वाक्य सोडून दिलं.

"आईला तांडा फुटायला नको होता," मी म्हणालो. त्याला गप्प ठेवण्यासाठी बोललो की स्वतःसाठी, कोण जाणे.

त्यानं पुढच्याच रविवारी नायकाला सांगून नसाब बसवला. नसाब म्हणजे तांड्याची पंचायत. पटांगणात सगळे जमले. मी बाहेरचा, कडेला उभा राहिलो. सेवादासनं उभं राहून सांगितलं. लांबवलं नाही. नकाशावर किती, पडद्यावर किती, कोणी कापलं. कळ माझ्या हातात होती हे त्यानं सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही.

संजय उठला आणि त्यानं त्याच्या कानशिलात मारली. जयानं नवऱ्याचा हात धरला. सेवादास तसाच उभा राहिला.

मग उकंडा बोलला. आवाज चढवला नाही.

"मले वाटलं, माहेच पाय थकले. रोज वाटे. म्हणलं, तवा जवळ होतं, आता माहा जीव संपत आला."

एका बाईनं रडत रडत नायकाला विचारलं, आता पोरीबाळींना कसं इथं ठेवायचं. तिच्या सुनेला सातवा महिना होता. आणखी चौघीजणी बोलल्या. कोणी वणी म्हणालं, कोणी भावाकडं जातो म्हणालं. जे दोन वर्षांपूर्वी बोललं जात होतं, तेच पुन्हा निघालं.

डोंगरसिंगनं हात वर केला.

"लदेणीचा तांडा हलाच्या आधी नायक एकटा पायी पुढं जाये. पाणी पाये, जमीन पाये, मंग बैल सोडे. माह्या आज्यानं असंच केलं. म्या गाडीत बसून पायलं." तो सेवादासकडं न बघता बोलत होता. "यानं कापलं. म्या चाललो नाई. दोघाचं सारखं हाये."

मग त्यानं निर्णय सांगितला. तांडा फुटणार नाही. सगळे फाट्यावर जाऊन राहतील, रस्त्याच्या कडेला, जसं जमेल तसं. उठवलं तर पुढं सरकतील, पण एकत्र सरकतील. रस्ता झाल्यावर परत येतील.

"पण कागदात कलम हाये," संजय म्हणाला. "घरं रिकामी दिसली तं जागा वापस घेते."

"हो," डोंगरसिंग म्हणाला. "कोणाले तरी राह्या लागते. गाव भरलेलं दिसलं पायजे."

कोणी नाव घेतलं नाही. सगळे सेवादासकडं बघत होते.

"राह्यतो," तो म्हणाला.

दसऱ्यापर्यंत तांडा फाट्यावर आला. ताडपत्र्या, बांबू, पत्रे. ट्रकची धूळ आणि कोळशाची काजळी. पण रुग्णवाहिका दारापर्यंत येते. त्या सुनेला मुलगी झाली, वेळेवर, दवाखान्यात.

सेवादासनं वणीची खोली सोडली. कंपनीचं काम सुटलं ते असं. तिथल्या दोन शहरांच्या मधलं रान त्यानं नकाशाप्रमाणे पूर्ण लांबीचं करून पाठवलं. सलोनीचा फोन आला तेव्हा मी त्याच्याजवळ होतो. "कोणी चालणार नाही रे यातून," ती म्हणाली. समजावून सांगत होती, वाईट बाई नव्हती. तो "बरं" म्हणाला. पुन्हा फाईल पाठवली नाही.

आता त्याचं काम वेगळं आहे. सकाळी उठून तो पंधरा-वीस घरांतल्या चुली पेटवतो. गोवऱ्या आणि ओली तुराटी घालतो, म्हणजे धूर जास्त निघतो. रोज घरं बदलतो. दोऱ्यांवर कपडे टाकतो. फाट्यावरच्या बायकांनी जुने कपडे दिले आहेत, लुगडी, लहान पोरांचे सदरे. एका दारातले कपडे दोन दिवसांनी दुसऱ्या दारात जातात. अंगणं झाडतो, सडा टाकतो. चौसष्ट अंगणं होत नाहीत, म्हणून खालून दिसतात तेवढीच झाडतो. संध्याकाळी दिवे लावत फिरतो. फाट्यावरून पाहिलं तर गाव भरलेलं दिसतं. मी पाहिलं आहे. फसायला होतं.

जया माझ्या हाती भाकरी पाठवते. संजयला माहीत आहे, तो दुसरीकडं बघतो. मी चालत जातो. हिवाळ्यात पन्नास मिनिटं लागतात. एकदा मी त्याला विचारलं, दिवसभर काय करतोस, इथं वाचायला पुस्तकं आणू का. तो म्हणाला, "टाइम कुठी हाये? आज आठ नंबरचे कपडे बदलाचे हायेत."

जानेवारीत पाहणीसाठी गाडी आली. जमीन वाळली होती, जीप टेकाडावर चढली. त्या दिवशी मी तिथंच होतो. सेवादासनं पहाटेपासून तीस चुली पेटवल्या होत्या. त्याचे डोळे लाल झाले होते. जीप पटांगणात आली, एक वळसा घेतला. मागं बसलेल्या कारकुनानं काच खाली केली.

"लोक कुठं गेले?"

"कापूस वेचाले," सेवादास म्हणाला.

कारकुनानं धुराकडं पाहिलं, दोऱ्यांवरच्या कपड्यांकडं पाहिलं. कागदावर खूण केली. "छान ठेवलंय गाव," तो म्हणाला. जीप गेली. तो खाली उतरला नव्हता.

दोन दिवसांनी डोंगरसिंग वर आला. एकटा, पायी. मला सेवादासनं नंतर सांगितलं की म्हाताऱ्याला दीड तास लागला, मध्ये तो एकदा बराच वेळ बसून होता. त्याची काठी दूरवरून दिसत होती. सेवादास सामोरा गेला नाही. नायकाला चालायचं आहे, हे त्याला कळलं होतं.

हंसाबाईच्या ओट्यावर नायक बसला. पाणी मागितलं. प्याला.

"कागद टिकला," तो म्हणाला. "वर्षभर कोणी येत नाई आता."

"हो."

"लोकाचा राग उतरला. संजयचाही. खाली ये. बस झालं."

सेवादासनं रस्त्याचं विचारलं. रस्ता मंजूर आहे, नायक म्हणाला. फाट्यावरून उठवायची नोटीस आली होती, पंधरा दिवसांची. कदाचित पुढच्या वळणावर सरकावं लागेल. सगळेच सरकतील, एकही घर गेलं नाही अजून.

"एकही नाई?"

"एकही नाई."

"मंग इथं चुली कोण पेटवन?" सेवादास म्हणाला. "वर्षभर येत नाई म्हणते, पण मधात कोणी आलं तं?"

डोंगरसिंगनं विचार केला. तांड्यातली एकेक नावं त्यानं मनातल्या मनात घेतली असावीत. म्हाताऱ्यांना चढवत नव्हतं. तरण्यांना खाणीवर, ट्रकवर काम होतं. बायकांना एकटं ठेवता येत नव्हतं.

"ते बी हाये," तो म्हणाला.

त्यानं आणखी पाणी मागितलं. मग उठला. उजेड असेपर्यंत खाली पोचायचं होतं. सेवादास त्याच्याबरोबर टेकाडाच्या पायथ्यापर्यंत आला. तिथून पुढं तो गेला नाही. दिवे लावायची वेळ झाली होती.